बाजूला काढलेले शिंपले

परवा दुपारी कॉलेजच्या मागच्या दाराशी टेम्पो लागला आणि सावंतमामांनी खालूनच हाक मारली, "गो नंदा, तुझे पावणे इले!" जिना उतरून बघते तर कच्छहून आलेल्या दोन गोण्या. सुतळीने तोंडं शिवलेली, अंगावर पांढरट मातीचे डाग. एका गोणीला हात लावला, तर ऊन लागली. वाटभर तापत आलेली. तेवढ्यानेच गेल्या वर्षीचा सगळा मे महिना त्या उबेबरोबर अंगात शिरला.

पार्ल्यातल्या आमच्या कॉलेजात मे महिन्यात तीन आठवड्यांचा एक वर्ग भरतो. जीवाश्म मोजण्याचा. लाखो वर्षांपूर्वीचे जीव दगडमातीत राहून गेलेत, त्यांच्याकडे नुसतं 'वा!' म्हणून बघायचं नाही. ते मोजायचे, आकडे मांडायचे, आणि त्या आकड्यांवरून तेव्हा काय घडलं असेल ते ताडायचं. पोरं लांबलांबून येतात. सकाळी संगणकावर, दुपारी प्रयोगशाळेत. त्या प्रयोगशाळेत मी मदतनीस. शिंपले धुणं, सुकवणं, ट्रेमध्ये मांडणं, चिठ्ठ्या लावणं हे माझं काम. माझं शिक्षण नववीपर्यंत, तीही पुरती नाही.

सुट्टीतलं कॉलेज मला आवडतं. बाक उलटे करून ठेवलेले, वऱ्हांड्यात कबुतरं मालकासारखी फिरत असतात, आणि अंगणातल्या सोनमोहराची पिवळी फुलं झाडून काढली तरी तासाभरात परत तेवढीच. लांबच्या कुठल्या घरात कैरीचा कीस उन्हात घातलेला, त्याचा आंबट वास दुपारी तीनच्या वाऱ्यावर येतो. आणि विमानं. पार्ल्यातल्या शिक्षकांना एक सवय असते. विमान आलं की वाक्याच्या मध्यात थांबायचं, ते गेलं की राहिलेला अर्धा भाग बोलायचा. आमच्या दामले मॅडम तर शब्दाच्या मध्यातही थांबतात. नवीन पोरं पहिले दोन दिवस गोंधळतात. गोवंडीहून येणारा इम्रान म्हणाला होता, "ताई, इकडे शिकलेल्यांची अर्धी वाक्यं विमानं घेऊन जातात ना?"

या मॅडमचं मी एक देणं लागते, ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मी नवीन होते तेव्हा वर्ग चालू असला की दाराला टेकून उभी राहायची. कोणी काही मागितलं तर द्यायला. खरं म्हणजे ऐकायला. एकदा मॅडमनी फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हटलं, "नंदा, उभं राहून डोक्यात काही शिरत नाही. ते स्टूल घे आणि बस." बस्स, एवढंच. पण नववीत वर्गातून उठले ती त्या दिवशी पहिल्यांदा परत बसले. त्यानंतर मॅडमच्या कुठल्याही कामात काही कमी पडू नये, अशी मला एक धास्तीच लागली. कपाटाचं कुलूप मी दोनदा ओढून बघायची, जिन्यापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा परत यायची.

त्या धास्तीनेच घोळ घातला.

आमचं गाव वेंगुर्ल्याच्या पुढे. आई आजारी पडली तेव्हा काजूच्या कारखान्यातली तिची जागा जाऊ नये म्हणून मी तिथे बसले. महिन्याभरापुरती. तो महिना अकरा वर्षं चालला. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना आम्ही बायका, मध्ये सोललेल्या गरांचा ढीग. अख्खा गर एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. आणि भोकाचा, म्हणजे किडीने पोखरलेला, तो सगळ्यात आधी बाहेर. तो मालात गेला तर पूर्ण डबा परत येतो. सुरुवातीला डोळे लावून बघावं लागतं, मग वर्षा-दोन वर्षांत डोळ्यांची गरजच उरत नाही. गप्पा चालू असतात, कोणाच्या तरी लग्नाचं ठरत असतं, आणि बोट भोकाचा गर बरोबर ओळखून उडवतं. माझं बोट त्या टेबलावर एक नंबर होतं. आयुष्यात दुसऱ्या कशात माझा पहिला नंबर आलेला नाही.

तर गेल्या वर्षी दोन गोण्या आल्या. एकाच कड्याच्या दोन थरांतल्या. एक खालच्या, म्हणजे जुन्या थरातली. एक वरच्या, म्हणजे त्यामानाने नव्या थरातली. वर्ग सुरू व्हायला तीन दिवस होते. मी जुन्या थराची गोणी धुवायला घेतली. ती माती पाण्यात घातली की दुधासारखी विरघळते, आणि तळाशी हाताला शिंपले लागायला लागतात. आमच्याकडे कालवणात घालतात त्या तिसऱ्यांसारखेच, जरा जाड. पहिला शिंपला स्वच्छ होऊन हातात आला की दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. इतकी वर्षं मातीत पडून होता आणि रेघ न् रेघ शाबूत! असे कितीतरी निघाले. आणि अधूनमधून काही निघाले ते भोकाचे. शिंपल्याच्या पाठीवर एक लहान गोल भोक, खिळ्याने पाडल्यासारखं.

लहानपणी वेळेवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूत, असे भोकाचे शिंपले मिळाले तर आम्हां पोरींची चंगळ असायची. सुई न लावता दोऱ्यात ओवायचे आणि माळ गळ्यात घालायची. पण त्या दिवशी ट्रेपुढे बसले तेव्हा ती वेळेवरची पोर जागी झालीच नाही. जागी झाली कारखान्यातली बाई. पोरं येणार, मॅडमचा वर्ग, माल कसा एक नंबर पाहिजे! भोकाचा दिसला, उचलला. भोकाचा दिसला, उचलला. दोन दिवसांत जुन्या थराचा ट्रे असा सजवला की दृष्ट लागावी. काढलेले सगळे एका कापडी पिशवीत भरून टेबलाखाली सरकवले. टाकले मात्र नाहीत. कारखान्यात तुकडासुद्धा टाकत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. वाकोल्याला मी मावसभावाकडे राहते. वहिनीने मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि दम भरला, "उठलंस तर बघ." वर्गाचे पहिले दहा-बारा दिवस मी अंथरुणावर काढले. नव्या थराची गोणी धुतली सावंतमामांनी. मामा आमच्या गावचे, आमच्या खात्यात सगळ्यांत जुने, त्यांनीच शब्द टाकून मला इथे चिकटवलेलं. त्यांची धुण्याची पद्धत म्हणजे गोणी चाळणीवर उपडी करायची, नळाचा पाइप सोडायचा, आणि जे राहील ते ट्रेमध्ये ओतायचं. मी असते तर हळहळले असते.

परत आले त्या दुपारी प्रयोगशाळेत एकच गलका. मुलुंडची ऋचा, या वर्गातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत बोलकी पोर, मला बघताच धावत आली. "ताई, बरी आहेस ना? ये, ये, तुला काय दाखवते बघ!" पडद्यावर दोन खांब काढलेले. एक इवलासा, जमिनीला चिकटलेला. दुसरा उंच.

"हे काय?"

"अगं, भोकं मोजली आम्ही. हे भोक असतं ना शिंपल्याला, ते कोण पाडतं माहितीये? गोगलगाय. वाळूत शिंपल्याला मिठी मारून बसते, तासन् तास त्याला पोखरते, आतला जीव खाते आणि चालू पडते. शिंपला तसाच राहतो."

"म्हणजे भोक म्हणजे खुनाचा पुरावा," इम्रान मागून म्हणाला. "आपण लोक पंचनामा करतोय, ताई. फक्त जरा उशिरा पोचलोय."

"गप रे. तर बघ, ताई, जुन्या थरात भोकाचे शिंपले जवळजवळ नाहीतच. आणि नव्या थरात इतके! म्हणजे मधल्या काळात शिकार एकदम वाढली. भारी ना? मी शेवटच्या दिवशी हेच मांडणार आहे. बाहेरून मोठे सर येणार आहेत. त्यांना पटलं तर त्यांच्याकडे पुढचं काम मिळू शकतं, मॅडम म्हणाल्या."

मी त्या इवल्या खांबाकडे बघत राहिले. तो खांब मी कापला होता. माझ्या या बोटाने.

मॅडम पोरांना सारख्या सांगत होत्या, "एवढा फरक दिसला की आनंद नंतर, आधी शंका. आपल्या हाताला आवडनिवड असते, त्याला उचलू द्यायचं नाही. शिंपल्यांना नंबर द्या, संगणक जे नंबर काढेल तेच घ्या." पोरांनी तसंच केलं होतं. परत मोजलं, माणसं बदलून मोजलं, चाळणीची जाळी तपासली. उत्तर तेच. ट्रे कोणी भरला, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी हे रागाने म्हणत नाही. घरात तांदूळ कोणी निवडले, हे जेवताना कोण विचारतं?

संध्याकाळी सावंतमामांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी आधी चष्मा काढला, मग पुसला.

"कोणाक म्हायत हा?"

"कोणाक नाय."

"मगे गप ऱ्हव. आठ दिवसांनी पोरां आपापल्या घराक जातली. तू अजून कायम झालेलं नाय. मी माझ्या तोंडान तुझा नाव सांगललंय, माझी लाज काढू नको गो बाये."

त्यांचंही चुकत नव्हतं. मी चार दिवस गप्प राहिले. चार दिवस ती पिशवी टेबलाखाली आणि मी टेबलाशी. ऋचा रोज नवीन काहीतरी दाखवायची, खांबांना रंग दिले, रेघ ओढली, गोगलगाईचं चित्र डकवलं. "ताई, कसं दिसतंय?" "छान." वाकोल्याकडे चालत जाताना पुलाखालच्या भाजीवाल्याकडे वांगी घ्यायला थांबले, तर भोकाचं वांगं हातात आलं आणि मी ते बाजूला ठेवता ठेवता थबकले. भाजीवाला म्हणाला, "क्या हुआ, ताई? किडा है तो दूसरा लो ना." मी तेच घेऊन घरी आले. वहिनीने कापलं, आतली अळी बघितली, आणि माझ्याकडे बघितलं. "ताप उतरलो मां गो तुझो?"

मग तिला सगळं सांगितलं. वहिनी चौथी शिकलेली. शिंपले, गोगलगाय, थर, यातलं तिला काही कळलं नाही, पण बाकीचं लगेच कळलं. म्हणाली, "त्या चेडवाक चार लोकांत कोणी इचारल्यान तर ता काय सांगतला?"

ऋचा उभी राहणार, खोटं सांगणार, आणि तिला ते खोटं आहे हे माहीतही नसणार. माझी नोकरी एका बाजूला, आणि ही पोर एका बाजूला. मॅडमनी मला स्टूल दिलं होतं ते काय फक्त बसण्यासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या आधी गेले. मॅडम एकट्याच होत्या, चहा घेत. मी पिशवी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. काय बोलायचं ते वाटभर पाठ केलेलं, त्यातलं काहीही आठवलं नाही. "मॅडम, जुन्या थरातले भोकाचे मी काढले. धुताना. खराब म्हणून. मला माहीत नव्हतं." नेमकं तेव्हाच विमान आलं. ते जाईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. इतकं लांब विमान मी आजवर ऐकलेलं नाही.

आवाज गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "टाकले नाहीस?"

"नाही."

"एकही?"

"नाही मॅडम. सगळे यात आहेत."

त्यांनी पिशवी उघडून आत बघितलं. मूठभर शिंपले तळहातावर घेतले. एकेकाचं भोक बोटाने चाचपलं. मग म्हणाल्या, "माझीही चूक आहे. गोणी फोडल्यावर एकदा येऊन बघायला हवं होतं. तुला काय हवंय ते मी सांगितलंच नाही, आणि तू आपलं चांगलं ते दिलंस." चहाचा कप बाजूला सारला. "हे परत मिसळून मोजायला किती वेळ लागेल?"

"मी बसले तर दुपारपर्यंत."

"बस मग. आणि ऋचाला तू सांग. मी नाही सांगणार."

ऋचाला सांगणं मॅडमपेक्षा अवघड गेलं. ती आधी हसली, तिला वाटलं गंमत करतेय. मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझं सगळं... वाट लागली ना, ताई?" आणि मग, "चार दिवस! चार दिवस मी तुला रोज दाखवत होते गं!" ती वऱ्हांड्यात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या ट्रेच्या चिठ्ठ्या तिने स्वतःच लावल्या.

मोजताना सगळे होते. काढलेले शिंपले आधी एकेक करून वहीत नोंदवले, मग ट्रेमध्ये परत मिसळले, नव्याने नंबर दिले, संगणकाने नंबर काढले. इम्रान आकडे सांगत होता, मी लिहीत होते. इवला खांब हळूहळू वाढत गेला आणि दुपारी अडीचला दोन्ही खांब जवळजवळ एका उंचीला येऊन थांबले. शिकार वाढलीबिढली नव्हती. गोगलगाई आधीही तेवढ्याच खात होत्या, नंतरही तेवढ्याच. सावंतमामा दारात उभे राहून बघत होते. आपल्या ट्रेला काही दोष निघाला नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "बघ," ते मला हळूच म्हणाले, "पाइप सोडलंय आणि ओतलंय. माझा काम शास्त्रीय!" त्या सबंध दिवसात मी तेवढी एकदा हसले.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट सारखी आठवत होती. आमच्या गावच्या शाळेच्या फाटकावर एका वर्षी फलक लागला होता, दहावीचा निकाल शंभर टक्के. फुलांचा हार घातलेला. कारखान्यात जाताना मी तो रोज वाचायची. तो माझ्याच वर्गाचा निकाल होता. आम्ही चारजणी नववीत उठलो होतो, त्यामुळे त्या शंभरात आम्ही नव्हतो. फलक खोटा नव्हता. हेडमास्तर भले होते, त्यांनी मला थांबवायला घरी दोन खेपा घातल्या होत्या. कोणी आम्हांला मुद्दाम काढलं नव्हतं. तरी तो फलक वाचून कोणालाही वाटलं असतं की त्या वर्षी आमच्या गावात सगळं छान चाललं होतं. तेव्हा मला फक्त वाईट वाटायचं. गेल्या मे महिन्यात, नंबर घातलेल्या शिंपल्यांपुढे बसून, पहिल्यांदा कळलं की नेमकं कशाचं वाईट वाटायचं. आणि हेही कळलं की मोजणाऱ्याला आमची आठवण झाली, तर आम्हांला परत मिसळता येतं. तेवढ्यासाठी कोणीतरी पिशवी जपून ठेवलेली पाहिजे आणि कोणीतरी ती टेबलावर आणून ठेवली पाहिजे.

शेवटच्या दिवशी सकाळी ऋचा माझ्याजवळ आली. नजर जमिनीवर. "ताई, मी सगळं सांगणारेय, आधी काय आलं आणि मग काय आलं. तुझं नाव नको असेल तर नुसतं 'धुताना निवड झाली' असं म्हणते."

माझ्या डोळ्यांपुढे सावंतमामा आले, ती अजून न झालेली कायम ऑर्डर आली. म्हटलं, "नाव घाल. पण ते आडनावासकट नको, मामांना फेफरं येईल." ती हसली. दोन दिवसांनी हसली.

बाहेरून आलेले सर पुढच्या रांगेत बसलेले. ऋचा बोलली, दोन्ही चित्रं दाखवली. सरांनी विचारलं, "म्हणजे तीन आठवड्यांच्या शेवटी फरक नाही, एवढंच सापडलं?"

"फरक नाही हे सापडलं, सर," ऋचा म्हणाली. "आणि आधी जो फरक सापडला होता तो कुठून आला, हेही सापडलं. ते आम्हांला नंदाताईंनी सांगितलं. त्या मागे बसल्यात."

सगळ्या माना वळल्या. मला वाटलं आता उठून चहाचे कप गोळा करावेत. सर खुर्चीतून अर्धे वळले. "तुम्ही काढलेत? दोन दिवसांत? सगळी गोणी?"

"हो."

"आणि काढलेल्यात बिनभोकाचे किती निघाले?"

ही बेरीज कोणी केलीच नव्हती. इम्रानने पटकन नोंदीची वही चाळली आणि म्हणाला, "सर, एकही नाही."

सर उठून मागे आले. माझ्या शेजारचं स्टूल ओढलं आणि म्हणाले, "बाई, आमच्याकडे हे शिकायला पोरांना सहा महिने लागतात. तुम्ही कशा ओळखता?" मग मी सांगितलं. टेबल, गर, पाकळी, तुकडा, भोकाचा. आधी अडखळत, मग न थांबता. मध्ये विमान आलं तेव्हा सरही थांबले, मीही थांबले, आणि विमान गेल्यावर माझं राहिलेलं अर्धं वाक्य मी पूर्ण केलं.

ऋचाला सरांकडे काम मिळालं. का ते त्यांनी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. जाताना तिने मला दहावीचं गणिताचं पुस्तक देऊन टाकलं, "बाहेरून बस ना, ताई, सतरा नंबरचा फॉर्म भर." फॉर्म आणलाय. अजून भरलेला नाही. गणिताची पहिली तीन प्रकरणं मात्र झाली आहेत.

आणि यंदा मॅडमनी वेळापत्रक लावलं त्यात पहिल्या दिवशीचे पहिले दोन तास माझ्या नावावर. "नमुना कसा घ्यावा – नंदा." मी धावत त्यांच्या खोलीत गेले. "मॅडम, मी काय शिकवणार?" त्या म्हणाल्या, "जे केलंस ते. सगळं." वर्ग उद्या सुरू होतोय. चार दिवस मी वहीत लिहितेय, खोडतेय. मघाशी वहिनीला वाचून दाखवलं. ती भेंडी चिरत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चूकच सांगूची हा काय तुका दोन तास? आणि पोरां हसली तर?"

"हसतलीच. मामा पयले हसतले."

"मगे?"

"मगे काय," मी म्हटलं, "हसान झाला की पुढचा सांगतलंय."